तिसऱ्या दिवसाची कुदळ : पूर्व आफ्रिकेतले भारतीय आणि त्यांच्या कादंबऱ्या

परदेशातल्या वास्तव्याविषयीचे मराठी लेखन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विलायत येते, किंवा अमेरिका. पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० साली प्रसिद्ध झाले आणि परदेशी गेलेल्या मराठी माणसाची एक लोभस प्रतिमा वाचकांच्या मनात कायमची ठसली. पुढच्यांनी तीच गिरवली. थंडी, ओव्हरकोट, चहासाठी कासावीस होणारा जीव, एखाद्या प्रेमळ म्हातारीचे घर आणि परतताना दाटून आलेला कंठ. यात वाईट काही नाही. पण या लेखनातला माणूस पाहुणा असतो. त्याच्या खिशात परतीचे तिकीट असते, आणि ज्याच्या खिशात परतीचे तिकीट आहे त्याला परक्या देशाने फारसे काही विचारलेले नसते.

पूर्व आफ्रिकेची गोष्ट वेगळी आहे. मोंबासा, झांझिबार आणि दार-एस-सलाम ही बंदरे आपल्याच समुद्राच्या पलीकडच्या काठावर आहेत. ईशान्येकडचे वारे धरून गलबते तिकडे जायची आणि नैर्ऋत्येचे वारे सुटले की परत यायची. कच्छ-काठियावाडचे व्यापारी शतकानुशतके या वाऱ्यांवर ये-जा करत आले. इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकली. तिच्यासाठी सुमारे ३२,००० मजूर हिंदुस्थानातून नेले, त्यांतले बहुसंख्य पंजाबचे. अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले आणि सहा-सात हजार मागे राहिले. मात्र पुढे जो 'एशियन' म्हणून ओळखला जाऊ लागला तो समाज मुख्यतः या मजुरांचा नव्हे. तो रेल्वेच्या मागोमाग आलेल्या दुकानदारांचा, कारकुनांचा, शिंप्यांचा आणि सुतारांचा. त्यांतले कारकून आणि शिंपी बरेचसे गोव्याचे. १९२० पर्यंत तिथे व्यवहार चालत होता तो भारतीय रुपयात.

हा सगळा समाज तिथे कसा रुळला, हा या लेखाचा विषय. 'रुळणे' हा शब्द मी जाणून वापरतो आहे. आपल्या भाषेत रुळणे आणि रुजणे ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. पायाखाली वाट रुळते, जिभेवर शब्द रुळतो. त्याला सवय पुरते. रुजायला माती लागते, आणि मातीचीही संमती लागते. पूर्व आफ्रिकेतल्या भारतीयांविषयीच्या इंग्रजी कादंबऱ्या वाचताना मी हेच एक माप हाती धरले: लेखकाला या दोन क्रियापदांतला फरक कळला आहे का?

ज्याला तो सर्वांत खोलवर कळला असा लेखक म्हणजे एम. जी. वासनजी. जन्म नैरोबीचा, १९५० सालचा. बालपण दार-एस-सलाममध्ये गेले, शिक्षण अमेरिकेत अणुभौतिकीचे झाले आणि १९७८ पासून मुक्काम कॅनडात. 'द गनी सॅक' ही त्यांची पहिली कादंबरी १९८९ साली आली आणि तिला पहिल्या पुस्तकासाठीचे आफ्रिका विभागाचे राष्ट्रकुल पारितोषिक मिळाले. निवेदक सलीम याला जी बाई नावाच्या म्हाताऱ्या नातलगाकडून वारसा म्हणून एक गोणी मिळते. गोणीत जुन्या वह्या आहेत, चिंध्या आहेत, कुणाकुणाच्या वापरातल्या वस्तू आहेत. एकेक वस्तू बाहेर निघते आणि तिच्याबरोबर चार पिढ्यांची हकीकत निघत जाते. वस्तूंवरून कथा सांगण्याची ही युक्ती नवी नाही, आणि मधल्या काही प्रकरणांत ती ओढूनताणून वापरल्यासारखीही वाटते. नातेवाइकांचा गोतावळा इतका वाढतो की मला वहीच्या मागच्या पानावर वंशवृक्ष काढून ठेवावा लागला. तरीही सुरुवातीची शंभर-सव्वाशे पाने या विषयावरच्या कोणत्याही इतिहासग्रंथापेक्षा मोलाची आहेत.

गुजरातेतल्या एका खेड्यातून धनजी गोविंदजी नावाचा तरुण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मटामू या गावी येतो आणि दुकान घालतो. नवख्या माणसाच्या घरात बाई हवी म्हणून एक गुलाम स्त्री त्याच्याकडे येते. तिचे नाव बीबी तारातीबू. स्वाहिलीत 'तारातीबू' म्हणजे हळूवार, बेताने. तिच्यापासून त्याला मुलगा होतो, हुसेनी. पुढे धनजीचा जम बसतो. जम बसल्यावर रीतसर लग्न आलेच. जातीतली बायको येते आणि तारातीबूला घराबाहेर व्हावे लागते. मुलगा बापाच्या घरात राहतो, पण आईकडे ओढला जातो. बापाशी खटका उडतो आणि एके दिवशी तो निघून जातो, तो कायमचा. त्यानंतर धनजीच्या आयुष्यात एकच काम उरते: हुसेनीला शोधणे. गावोगाव माणसे पाठवण्यात पैसा जातो. स्वतःचा संपतो तेव्हा तो जमातीच्या फंडाला हात घालतो. शेवटी त्याचा खून होतो.

माझ्या मते कादंबरीचा सगळा भार या एका शोधावर उभा आहे. धनजी आफ्रिकेत उत्तम रुळलेला माणूस आहे. त्याला भाषा येते, हवामान सोसते, माणसांची पारख आहे, गावात मान आहे. रुजण्याची संधीही त्याच्या घरात चालत आली होती, मुलाच्या रूपाने. ती त्याने गमावली, आणि ती गमावल्यावरच तिची किंमत त्याला कळली. वासनजी यावर भाष्य करत नाहीत. बाप खतावणीत मुलाच्या शोधाचा खर्च मांडत राहतो, एवढेच दाखवतात. व्यापाऱ्याच्या पश्चात्तापाचे इतके अचूक चित्र मी क्वचितच पाहिले आहे.

कादंबरीचे तीन भाग तीन स्त्रियांच्या नावांनी आहेत: जी बाई, कुलसुम आणि अमीना. कुलसुम ही सलीमची आई. नवरा गेल्यावर ती दार-एस-सलाममध्ये दुकान चालवते आणि मुले वाढवते. मला हा मधला भाग सर्वांत आवडता, कारण त्यात फारसे काही 'घडत' नाही. दुकान उघडते, दुकान मिटते, गिऱ्हाईक घासाघीस करते, मुले शाळेत जातात, आणि बाहेर एक देश स्वतंत्र होतो. टांगानिका ९ डिसेंबर १९६१ रोजी स्वतंत्र झाला. झांझिबारात १२ जानेवारी १९६४ रोजी क्रांती झाली आणि त्याच वर्षी दोन्ही मिळून टांझानिया झाला. फेब्रुवारी १९६७ मध्ये न्येरेरे यांनी अरुशाचा जाहीरनामा काढला आणि १९७१ मध्ये भाड्याच्या इमारती सरकारजमा होऊ लागल्या. ज्या समाजाने पुंजी घरांच्या विटांत घातली होती, त्याला हा घाव कसा बसला असेल हे सांगायला नको. वासनजींचे वैशिष्ट्य हे की ते या घटनांचा ढोल वाजवत नाहीत. त्या दुकानाच्या दारातून जेवढ्या दिसतात तेवढ्याच दाखवतात.

तिसऱ्या भागात सलीम राष्ट्रीय सेवेच्या छावणीत जातो आणि तिथे त्याला अमीना ही आफ्रिकन मुलगी भेटते. ती त्याला त्याच्या हिंदीपणावरून डिवचते. आपणही इथलेच, असे तो म्हणतो, पण ते सिद्ध कसे करायचे हे त्याला उमगत नाही. इथे मला एक स्वाहिली म्हण आठवते. पाहुणा दोन दिवसांचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या, असा तिचा अर्थ. आपल्याकडे तिसऱ्या दिवशीही राहणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढतात. तिकडे त्याला शेतावर नेतात. दोन्ही समाजांच्या आतिथ्याचा हिशेब कुणी मांडायचा तर या दोन म्हणींपासून सुरुवात करावी. वासनजींच्या कादंबरीतला तिसरा भाग म्हणजे हा तिसरा दिवस आहे. पणजोबा पाहुणा होता, आईने दुकानाच्या गल्ल्यामागे दिवस काढले, आणि नातवंडांच्या पिढीवर मात्र कुदळ हाती घेण्याची वेळ आली. सलीम ती घेतो, पण ती त्याच्या हातात बसत नाही. पुढे तोही देश सोडतो. परमुलखातल्या एका खोलीत बसून तो ती गोणी उसवतो आहे.

याच लेखकाची 'द इन-बिटवीन वर्ल्ड ऑफ विक्रम लाल' (२००३) केनियात घडते. तिला कॅनडाचे गिलर पारितोषिक मिळाले आणि ती अधिक वाचली गेली. रचनेच्या दृष्टीने ती अधिक सफाईदार आहे. विक्रमची बहीण दीपा आणि त्याचा किकुयू मित्र न्जोरोगे यांच्या प्रेमाला घरातून होणारा विरोध वाचताना आपल्या सुशिक्षित घरांचीही आठवण होते. पण मला विचाराल तर गोणीतला खडबडीतपणा या सफाईत हरवला आहे.

आमच्या शहापुरातले एक शिक्षक सत्तरच्या दशकात टांझानियात करारावर गणित शिकवायला गेले होते. त्यांच्याकडून ऐकलेली एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपण सकाळचे सात म्हणतो तेव्हा तिथे एक वाजलेला असतो आणि आठ म्हणजे दोन. गुरुजींना पहिल्याच आठवड्यात कुणीतरी 'सा म्बिली', म्हणजे दोन वाजता, येण्याचा निरोप दिला. हे जेवून-खाऊन दुपारी दोनला हजर झाले. मंडळी सकाळी आठला जमून पांगलीही होती. पुढे ते छान रुळले. स्वाहिली इतकी बोलू लागले की परत आल्यावर वर्षभर बाजारात भाव विचारताना तोंडातून 'बेई गानी' निघायचे. एकदा मी त्यांना विचारले, तिथल्या कुणा आफ्रिकन सहकाऱ्याच्या घरी तुम्ही कधी जेवलात का? ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "बोलावलं होतं एकदा. मांसाहाराची अडचण, म्हणून नाही गेलो." गुरुजी अत्यंत सज्जन माणूस. ही तक्रार म्हणून मी सांगत नाही. पण वासनजींची पाने वाचताना मला हे न झालेले जेवण अनेकदा दिसले.

भारतीय माणूस गल्ल्याच्या मागून जे पाहतो ते पुढून कसे दिसत असेल? त्यासाठी अब्दुलरझाक गुर्ना यांच्याकडे वळावे लागते. जन्म झांझिबारचा, १९४८ सालचा. क्रांतीनंतरच्या दिवसांत तरुणपणीच इंग्लंडला आले. २०२१ मध्ये नोबेल मिळाले. त्यांची 'पॅराडाइझ' ही कादंबरी १९९४ साली बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती. युसुफ नावाचा बारा वर्षांचा मुलगा, बापाचे कर्ज फेडेपर्यंत, अझीझ या व्यापाऱ्याकडे ठेवला जातो. या व्यवहाराला तिथे 'रेहानी' म्हणतात. जुन्या दस्तऐवजांत 'रेहन' हा शब्द ज्यांनी पाहिला असेल त्यांना अर्थ सांगायला नको. मुलाला वाटते आपण काकांकडे आलो आहोत. आपण गहाण आहोत हे त्याला फार हळू कळते.

या कादंबरीत भारतीय माणूस मध्यभागी नाही. तो कडेला आहे, काफिल्याला भांडवल पुरवणारा सावकार म्हणून. आणि कलासिंगा नावाचा एक शीख मिस्त्री आहे, ज्याला कुराणाचे स्वाहिली भाषांतर करायचे आहे. हा कलासिंगा वाचकाला हसवतो, पण गुर्ना त्याला हास्यास्पद करत नाहीत. एक शीख, मुसलमान मित्रांशी वाद घालत, त्यांच्या धर्मग्रंथाचे त्यांच्याच भाषेत रूपांतर करू पाहतो. एवढ्या एका पात्रात त्या किनाऱ्यावरच्या सगळ्या मिसळणीची शक्यता सामावली आहे. गुर्नांना या मिसळणीचे प्रेम आहे, पण तिच्या पायाशी असलेली गुलामगिरी ते झाकत नाहीत. म्हणूनच मला ते वासनजींपेक्षा थोडे निष्ठुर आणि थोडे मोठे लेखक वाटतात. वासनजींच्या गद्यात आठवणींचा ओलावा कधी कधी जास्त होतो. गुर्नांचा हात कोरडा आहे.

शिवा नायपॉल यांच्या 'नॉर्थ ऑफ साउथ' (१९७८) या प्रवासवर्णनाचा उल्लेख केवळ विरोधासाठी. केनिया, टांझानिया, झांबिया पाहून लिहिलेले हे पुस्तक शैलीदार आहे आणि जागोजाग हसवते. पण हसणे एकाच दिशेला चालते. लेखकाला भेटलेला प्रत्येक जण ढोंगी, मूर्ख किंवा लाचार. त्यांना स्वतःला कुणी घरी नेऊन जेवायला घातले असते तर पुस्तक कसे झाले असते, असा प्रश्न पडतो. इंग्रजी वाचणाऱ्या आपल्या मंडळींना नायपॉल बंधूंचे भारी आकर्षण, म्हणून एवढे लिहिले.

आता गोव्याकडे येतो, कारण आपल्या वाचकाला इथे घरचीच माणसे भेटतात. पूर्व आफ्रिकेतल्या गोमंतकीय समाजाचा आफ्रिकन आणि गोरा या दोघांशी संबंध दुकानदाराहून निराळा होता. तो कचेरीतला हेडक्लार्क होता, आणि ही जागा फसवी. खुर्ची सत्तेच्या शेजारी असते, सत्ता आपली नसते. शिवाय आपापसातली उतरंड गोव्याहून बोटीत बसून आलीच होती. नैरोबीत कारकुनांचे क्लब वेगळे आणि शिंप्यांची सोसायटी वेगळी. पासपोर्ट पोर्तुगालचा, नोकरी इंग्रजांची, राहणे आफ्रिकेत. आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर तर आपण नेमके कोण, हा प्रश्न कागदोपत्रीही अवघड झाला.

पीटर नाझारेथ या समाजातून आलेले. कंपाला येथे १९४० साली जन्मले आणि युगांडाच्या अर्थखात्यात अधिकारी होते. त्यांची 'इन अ ब्राऊन मँटल' ही कादंबरी १९७२ साली नैरोबीत प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये इदी अमीन याने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. कादंबरी डामिबिया नावाच्या काल्पनिक देशात घडते. तिचा निवेदक जोसेफ डिसोझा हा राजकारणात शिरलेला गोमंतकीय आहे. लंडनमध्ये बसून तो मागे वळून पाहतो आहे आणि त्याचे हातही पुरते स्वच्छ राहिलेले नाहीत. कलाकृती म्हणून मी हिला फार वरचा दर्जा देणार नाही. पात्रे बोलतात कमी आणि भाषणे करतात जास्त. स्त्रिया तर नावापुरत्याच आहेत. पण हेडक्लार्कच्या खुर्चीतून उठून राजकारणाच्या धुळीत उतरू पाहणाऱ्या माणसाची तडफड तिच्यात खरी आहे. आणि पायस कोटा या पात्रासाठी तरी ही कादंबरी वाचली पाहिजे.

पायस कोटा कुणावरून बेतला हे केनियात कुणालाही सांगावे लागत नाही. आपल्याकडे मात्र सांगावे लागते. पियो गामा पिंटो. जन्म नैरोबीचा, ३१ मार्च १९२७. वडील सरकारी नोकर. आठव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी भारतात धाडले. हडफड्याच्या सेंट जोसेफ हायस्कुलात तो मॅट्रिक झाला आणि पुढे दोन वर्षे विज्ञान शिकला ते धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात. आपल्यापैकी कित्येकांच्या घरातली माणसे ज्या कॉलेजात शिकली, तेच हे कॉलेज. नंतर थोडे दिवस विमानदल, मग मुंबईत टपाल-तार खात्यात नोकरी आणि संपात भाग. मग गोवामुक्तीच्या चळवळीत उडी. पोर्तुगीज पकडणार असे दिसल्यावर १९४९ मध्ये तो केनियात परतला. परतल्यावर स्वाहिली पक्की केली आणि केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात सामील झाला. १९५४ मध्ये इंग्रजांनी त्याला स्थानबद्ध केले. मांडा बेटावर आणि नंतर दुर्गम कबारनेटला अशी वर्षे गेली, सुटका १९५९ मध्ये झाली. स्वतंत्र केनियात तो खासदार झाला. जमीन काही मोजक्या नव्या श्रीमंतांच्या घशात जाऊ नये म्हणून बोलत राहिला. आणि २४ फेब्रुवारी १९६५ रोजी सकाळी नैरोबीत स्वतःच्या घराच्या फाटकापाशी, गाडीत त्याची लहान मुलगी बसलेली असताना, त्याला गोळ्या घातल्या गेल्या. स्वतंत्र केनियातली ही पहिली राजकीय हत्या समजली जाते.

रुजणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. पण नाझारेथ यांची निवड पाहा. पिंटोसारखा माणूस डोळ्यांपुढे असताना त्यांनी त्याला निवेदक केले नाही. निवेदक केला तो डिसोझाला, ज्याला पायस कोटासारखे व्हायचे होते आणि जमले नाही. काही समीक्षकांना यात लेखकाची भीती दिसेल. मला प्रामाणिकपणा दिसतो. हुतात्म्याच्या तोंडून कादंबरी लिहिणे सोपे आणि बहुधा खोटे ठरते. त्याच्या शेजारी बसलेल्या, त्याच्याइतके धैर्य नसलेल्या माणसाची कथा आपल्यापैकी बहुतेकांची कथा आहे. नाझारेथ यांची दुसरी कादंबरी 'द जनरल इज अप' प्रत्यक्ष हकालपट्टीवर आहे. नागरिकत्वाची कागदपत्रे तपासून घेण्यासाठी रांगांत उभे राहणारे आणि कागद फेटाळले गेल्यावर बोलणे खुंटलेले लोक तिच्यात चांगले उतरले आहेत.

केनियात स्वातंत्र्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करायला दोन वर्षांची मुदत होती. अनेकांनी ब्रिटिश पासपोर्टच जवळ ठेवला. १९६८ मध्ये ब्रिटननेच कायदा करून त्यांच्यासाठी दार जवळजवळ लावून घेतले. कुणी यांना संधिसाधू म्हणतो, कुणी बळी. कादंबऱ्यांचे मोठे काम हे की त्या दोन्ही शब्द पुरे पडू देत नाहीत. धनजी संधिसाधू आहे आणि बळीही. मुळात कुटुंब सांभाळणारा माणूस पासपोर्टाकडे छत्रीसारखे पाहतो; पाऊस येईल का, एवढाच त्याचा विचार असतो. सरहद्दीवर राहून रेशनकार्डाच्या आणि सात-बाराच्या भाषेवरून ज्यांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आहेत, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

हुसेनीविषयी अजून एक बोलायचे आहे. 'द गनी सॅक'मध्ये भारतीय बाप आणि आफ्रिकन आई यांचा मुलगा हरवतो आणि सापडत नाही. इतिहासात मात्र असा एक मुलगा हरवला नाही. जोसेफ मुरुंबी, जन्म १९११. वडील झुझार्ते नावाचे गोमंतकीय व्यापारी, आई मसाई. बापाने त्याला शिकायला भारतात पाठवले, बंगळूर आणि बल्लारीला. तो परत गेला, केनियाच्या लढ्यात पडला, लंडनमध्ये विजनवासात राहिला, परराष्ट्रमंत्री झाला आणि १९६६ मध्ये काही महिने केनियाचा उपराष्ट्राध्यक्षही. बापाचे आडनाव मागे ठेवून त्याने आईच्या घराण्याचे नाव लावले. पिंटो त्याचा जवळचा मित्र. राजकारणातून बाहेर पडल्यावर त्याने आयुष्य आफ्रिकन कलावस्तू आणि पुस्तके जमवण्यात घालवले आणि तो संग्रह पुढे केनियाकडे राहिला. वासनजींना मुरुंबी ठाऊक नसेल असे नाही. तरीही त्यांनी हुसेनीला हरवूच दिले. समाजाने त्या मुलाला ज्या नजरेने पाहिले तिचा न्याय करायचा तर त्याचे हरवणेच खरे होते, असे बहुधा त्यांना वाटले असावे. मला ते पटते, आणि पुरते पटतही नाही. एक तरी कादंबरी मुरुंबीच्या वाटेने जायला हवी होती. मसाई आईचा मुलगा बल्लारीच्या शाळेत कोणती भाषा बोलला असेल, हे लिहिणारा कादंबरीकार या सगळ्यांहून पुढे गेला असता.

मराठी माणूस या कथेत कुठे आहे? नैरोबीत आणि दार-एस-सलाममध्ये महाराष्ट्र मंडळे आहेत, गणपती बसतो, नोकरीसाठी गेलेली कुटुंबे चार-सहा वर्षे राहतात आणि परततात. पण एक मोठे नाव आपण विसरलो आहोत. औंधचे राजपुत्र आप्पासाहेब पंत १९४८ ते १९५४ या काळात पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त होते. ज्या औंध संस्थानाने १९३९ मध्ये रयतेच्या हाती कारभार दिला, तिथून आलेल्या या माणसाने नैरोबीतल्या भारतीयांना सांगितले की तुमचे भवितव्य आफ्रिकन माणसाबरोबर आहे. आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारतात शिष्यवृत्त्या मिळाल्या, केन्याटांशी त्यांचा स्नेह जमला, आणि इंग्रजांना ते इतके सलू लागले की अखेर त्यांची बदली झाली. पंतांच्या आठवणी इंग्रजीत आहेत. राजवाड्यात वाढलेला, सूर्यनमस्कार घालणारा सातारी माणूस माऊ माऊच्या दिवसांत नैरोबीत काय पाहत होता, हा मराठी कादंबरीचा विषय आहे. पण आपल्या ऐतिहासिक कादंबरीला घोडा आणि तलवार लागते, त्याला इलाज नाही.

शेवटी भाषांतराविषयी. 'द गनी सॅक' मराठीत यावी असे मला फार वाटते, आणि ते काम सीमाभागातल्या कुणी केले तर अधिक बरे. दोन भाषांत जगणाऱ्याला तिसरी भाषा वाक्यात डोकावली तर दचकायला होत नाही. वासनजी इंग्रजी मजकुरात स्वाहिली, गुजराती शब्द पेरतात. इंग्रज वाचक तिथे अडखळतो. मराठीत निम्म्या शब्दांना टीप लागणारच नाही. दुका, हेसाबू, किताबू, हबारी, पेसा, गारी, चाय: हे ओळखायला कोश उघडावा लागत नाही. पुस्तकाचे नावही घरी परत येईल. इंग्रजीतला 'गनी' आपल्या गोणीवरूनच आला, आणि स्वाहिलीतही तिला 'गुनिया'च म्हणतात.

भाषांतरकाराला एक जागा मात्र जपावी लागेल. हुसेनीच्या वंशातल्या माणसांना समाजाने चिकटवलेले नाव आहे 'काला'. सलीम जुमा काला. इंग्रजी वाचकाला या शब्दाचा अर्थ सांगावा लागतो आणि सांगताना त्याची धार जाते. मराठी वाचकाला तो सांगावा लागणार नाही. पोराला हाक मारताना, स्थळ बघताना, गोरी-सावळी करताना हा शब्द आपल्याच ओसरीवर रोज उच्चारला जातो.